शनिवारची एक संध्याकाळ आम्हाला द्या

प्रति,
कार्यक्रम विभाग, दूरदर्शन सह्याद्री वाहिनी, वरळी, मुंबई
आणि
प्रसार भारतीचे सन्माननीय सदस्य, नवी दिल्ली

विषय : आठवड्यातली एक संध्याकाळ सलग बांधून, एकेका जिल्ह्यातून तयार करून प्रक्षेपित करण्याबाबत

स. न. वि. वि.

पत्र लांबणार आहे, म्हणून मागणी आधीच सांगते. आठवड्यातली एक संध्याकाळ, शक्यतो शनिवारची, सहा ते साडेनऊ, सह्याद्री वाहिनीनं पूर्वीसारखी सलग बांधून द्यावी. शेतीचं, मुलांचं, बातम्या, नाटक, गाणं, एखादी मुलाखत, सगळं एकाच संध्याकाळी एकामागून एक, निवेदिकेच्या दोन-दोन वाक्यांनी जोडलेलं. आणि ही संध्याकाळ दर आठवड्याला वेगळ्या जिल्ह्यातून तयार व्हावी. सुरुवात सांगलीपासून करा असं मी म्हणणार आहे, त्याची कारणं पुढं देते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. राहायला सांगलीत आहे, माहेर तासगाव तालुक्यातलं, द्राक्षबागांच्या पट्ट्यातलं. दूरदर्शनशी माझं नातं प्रेक्षकाचं, त्यापलीकडं काही नाही.

१९९० च्या आसपास आमच्या गावात ग्रामपंचायतीचा टीव्ही होता. लाकडी पेटीत ठेवलेला, पेटीला कुलूप, किल्ली शिपायाकडं. दिवेलागणीच्या आधी शिपाईमामा कुलूप काढायचे. एक पोरगा छपरावर चढून अँटेना फिरवायचा आणि खालून सगळे ओरडायचे, ‘आलं, आलं... गेलं!’ मुंग्या कमी झाल्या की तो खाली उतरायचा. पुढं आम्ही पोरं, आमच्या मागं बाप्ये आणि बाजूला देवळाच्या कट्ट्यावर बायका. ‘आमची माती, आमची माणसं’ लागायचं, सातला प्रदीप भिडे यांच्या आवाजातल्या बातम्या यायच्या, मग एखादं नाटुकलं, गाणं, कुणाशी तरी गप्पा. साडेआठच्या सुमाराला दिल्लीच्या हिंदी बातम्या लागल्या की बायका उठायच्या, कारण घरी भाकरी थापायच्या असायच्या.

माझी आई शेतीच्या कार्यक्रमासाठी कधीच आली नाही. ती यायची पुढच्या नाटकासाठी, पण कट्ट्यावर चांगली जागा मिळावी म्हणून अर्धा-पाऊण तास आधी यायची. त्या अर्ध्या-पाऊण तासात तिच्या कानावर जे पडलं त्यानं आमची बाग एका सालात वाचली. भुरी आली की पानाच्या वरच्या बाजूला राख फासल्यासारखं दिसतं, आणि डाऊनीत वर पिवळे तेलकट डाग पडून पानाच्या पाठीमागं पांढरी बुरशी येते, एवढंच त्या कार्यक्रमात एका शास्त्रज्ञानं पान हातात धरून दाखवलं होतं. वडील भुरीचं औषध मारत होते. दुकानदारानं तेच दिलं होतं. आईनं सकाळी बागेत जाऊन पान उलटं करून बघितलं आणि म्हणाली, ‘ह्ये भुरी न्हाई. पाठीमागनं बगा.’ शेतीच्या गोष्टीत वडिलांनी आईचं ऐकलं असं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आजोबांचंही तसंच. ते जुने पैलवान. बातम्यांसाठी यायचे आणि बातम्या संपल्या की काठी टेकत उठायचे. एकदा बातम्यांनंतर लगेच शास्त्रीय गायन लागलं. लोक चुळबुळ करायला लागले, कुणीतरी शिपाईमामांना आवाज कमी करायला सांगितला. आजोबा उठता उठता थांबले. गवयाच्या छातीकडं बघत राहिले आणि म्हणाले, ‘दम बगा कसा राखतोय.’ तालमीतल्या माणसाला जे कळतं ते त्यांना त्या गाण्यात दिसलं होतं. शेवटपर्यंत उभं राहून त्यांनी ते ऐकलं. पुढं मिरजेच्या मीरासाहेबांच्या उरुसात ते दर्ग्यातल्या गाण्याला गेले आणि पहाटे घरी आले. रागाचं नाव त्यांना कधीच सांगता आलं नाही. गाणं मात्र मरेपर्यंत सुटलं नाही.

या दोघांनीही ते निवडलेलं नव्हतं. बटण दाबून निवडायची सोय असती तर आईनं नाटक लावलं असतं आणि आजोबांनी बातम्या. मधलं जे होतं ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नसतं. मी गेली कित्येक वर्षं याचा विचार करते आहे, आणि मला वाटतं की दूरदर्शनच्या त्या संध्याकाळची खरी ताकद कुठल्या एका कार्यक्रमात नव्हती. ती दोन कार्यक्रमांच्या मधल्या जागेत होती. एकासाठी आलेला माणूस दुसऱ्यापाशी थांबायचा.

आज आमच्या घरात चार माणसं आणि चार पडदे आहेत. आईला तिच्या खोलीत फ्री डिश आहे, महिन्याचा खर्च नाही म्हणून तिनं ती हट्टानं ठेवली आहे. नवरा हॉलमध्ये क्रिकेट बघतो. मुलगी मोबाइलवर काय बघते ते मला विचारावं लागतं, मी काय बघते ते तिला. प्रत्येकाला त्याच्या आवडीचंच पुन्हा पुन्हा मिळतं. मुलीला नाचाचे व्हिडिओ आवडतात, तर तिला नाचाचेच मिळतात. तिच्या पडद्यावर द्राक्षाचं पान उलटं करून दाखवणारा माणूस येणार नाही, आणि आईच्या पडद्यावर तो नाच येणार नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. यंत्र तसंच बांधलेलं आहे. पण ज्या वाहिनीला असं यंत्र चालवायची सक्ती नाही ती तुमची एकच आहे, म्हणून पत्र तुम्हाला.

इथं एक गोष्ट मोकळेपणानं सांगायला हवी, नाहीतर हे पत्र जुन्या आठवणींचं होईल. ते दिवस सगळेच चांगले नव्हते. आमच्यापुढं दुसरा पर्यायच नव्हता, आणि समोर येईल ते बघण्याला निवड म्हणत नाहीत. उद्घाटनं आणि सत्कार फार असायचे. आणि मला सर्वांत लागायची ती गोष्ट म्हणजे आमची बोली. नाटुकल्यात ‘आरं’, ‘व्हय’, ‘न्हाई’ म्हणणारं पात्र आलं की ते गडी असायचं, मोलकरीण असायची, नाहीतर हसवायला आणलेलं बेंगरूळ असायचं. कट्ट्यावरच्या बायका त्याला हसायच्या, आणि त्याच बायका घरी जाताना त्याच बोलीत बोलायच्या. लहानपणी मला वाटायचं, चांगलं मराठी म्हणजे मुंबईतून येणारं. शाळेत शिकवायला लागल्यावर कुठं ते डोक्यातून गेलं. म्हणून मी जुनी संध्याकाळ जशीच्या तशी परत मागत नाही. बांधणी जुनी हवी, माणसं आणि बोली आमची हवी.

ही बांधणी तरी मुळात कुणाची? २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई केंद्र सुरू झालं तेव्हा ती कुणी परदेशातून आणली असं मला वाटत नाही. आपल्याकडं संध्याकाळ अशीच बांधायची रीत आहे. तमाशात आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि शेवटी वग. देवाची आळवणी, शृंगार, चालू घडामोडींवरची टोलेबाजी आणि सलग कथानक हे सगळं एका तंबूत, एका तिकिटात. वगासाठी आलेला माणूस गणाला हात जोडतो. आमच्या गावच्या जत्रेत सकाळी पालखी, दुपारी कुस्त्या आणि रात्री तमाशा. कीर्तनात पूर्वरंगाला तत्त्व आणि उत्तररंगाला आख्यान. तुमच्याच एका लाडक्या कार्यक्रमाचं नाव ‘गजरा’ होतं. ते ज्यानं ठेवलं त्याला हे नीट माहीत असणार. गजऱ्यात मोगऱ्याशेजारी अबोली येते, मध्ये मरवा येतो, आणि सगळं एका दोऱ्यावर असतं.

दोरा म्हणजे निवेदिका. कार्यक्रम आजही होतात, चांगलेही होतात, पण ते सुटे येतात. एक संपतो, जाहिरात लागते, दुसरा सुरू होतो. पूर्वी एक बाई समोर बसायच्या, आपल्याकडं बघून सांगायच्या की आता पुढं काय आहे आणि ते कशासाठी बघायचं. तेवढ्या दोन वाक्यांवर माणूस थांबायचा. आणि ‘साप्ताहिकी’त पुढच्या आठवड्याचं सगळं कळायचं, त्यावर बायका कामं लावून घ्यायच्या.

आता ऑगस्ट २०१९ बद्दल लिहिते. कृष्णेनं आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि ती ५७ फुटांच्याही वर गेली. आमचं घर तेव्हा गावभागात होतं. अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलो आणि पाणी न आलेल्या भागातल्या एका शाळेत राहिलो. एका हॉलमध्ये शंभरावर माणसं. हळदीच्या वखारीतले हमाल, दोन दुकानदारांची कुटुंबं, खणभागातलं एक बागवान कुटुंब, एक निवृत्त नर्सबाई, आणि कुणी कुणाला न ओळखणारी बरीच माणसं. कुणीतरी टीव्ही आणून दिला. पहिला दिवसभर बातम्याच चालू. ‘आयर्विनला किती झालं?’ हा एकच प्रश्न. ब्रह्मनाळ गावात पुरातल्या माणसांना नेणारी बोट उलटल्याची बातमी आली, आणि मग तीच दृश्यं पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा. लहान मुलं रडायला लागली. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती, तिनं माझ्या मांडीत तोंड खुपसलं आणि वर काढेना.

रात्री आठच्या सुमाराला नर्सबाईंनी कुणाला न विचारता रिमोट हातात घेतला. एकेक वाहिनी मागं टाकत गेल्या आणि सह्याद्रीवर थांबल्या. एक बाई तानपुरा घेऊन नाट्यपद गात होत्या. हॉलमध्ये कुणी काही बोललं नाही. मग हमालांमधल्या एका म्हाताऱ्यानं मांडीवर ताल धरला. गाणं झालं, नंतर डॉक्टरांचा कार्यक्रम लागला, रक्तदाबाच्या गोळ्यांविषयी. ज्यांच्या गोळ्या पाण्यात गेल्या होत्या ते चार-पाच जण पुढं सरकून ऐकायला लागले. नंतर काय लागलं ते आठवत नाही, कारण मुलगी झोपली होती आणि तिच्याबरोबर मीही. पण दुसऱ्या दिवसापासून त्या हॉलमध्ये ठरून गेलं, तासाला पाच मिनिटं पाण्याची बातमी आणि बाकी वेळ सह्याद्री. शंभर माणसांना, शंभर तऱ्हांच्या माणसांना, एकत्र बसून बघता येईल असं दुसरं काही तिथं सापडलं नाही. घरी परत आलो, भिंतींवरचा चिखल खरवडला, आणि पुन्हा चार पडद्यांची चार माणसं झालो.

मी कायद्याची जाणकार नाही, पण प्रसार भारतीचा १९९० चा कायदा मी वाचला आहे. जनतेला माहिती देणं, शिक्षण देणं आणि तिचं मनोरंजन करणं हे तुमचं मुख्य काम म्हणून तिथं लिहिलं आहे. त्यापुढं उद्दिष्टं आहेत. नागरिकाचा खरी आणि वस्तुनिष्ठ माहिती मिळण्याचा हक्क, शेती आणि ग्रामविकास, वेगवेगळ्या प्रदेशांतल्या संस्कृती आणि भाषा, मुलं, वृद्ध, अंध आणि अपंग यांच्या हिताकडं लक्ष. हे सगळं वाचताना माझ्या डोळ्यापुढं ती लाकडी पेटी आली. कायद्यानं जी यादी केली आहे ती म्हणजे अक्षरशः एका संध्याकाळची कार्यक्रमपत्रिका आहे. त्यात टीआरपी हा शब्द कुठंही नाही.

आता सांगलीची संध्याकाळ कशी होईल ते सांगते. मी ती मनात इतक्या वेळा बघितली आहे की मला ती पाठ झाली आहे.

सुरुवात हळदीनं करा. सांगलीच्या बाजारातले सौदे दाखवा, आणि मग कॅमेरा हरिपूरला न्या. कृष्णा-वारणेच्या संगमापाशी तिथल्या मातीत जमिनीखाली पेवं होती. त्यांत हळद भरून तोंड बंद केलं की ती वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. २००५ च्या पुरानं त्यातली कितीतरी निकामी केली. ज्यांनी पेवात उतरून हळद काढली ती माणसं अजून बोलती आहेत. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आतली हवा जायची वाट बघायची, हे ते स्वतः सांगतील. शेजारी आजचा शेतकरी बसवा आणि त्याला शीतगृहाच्या भाड्याबद्दल बोलू द्या. शेतीचा कार्यक्रम म्हणजे फक्त औषधाची मात्रा नव्हे.

मुलांसाठी अर्धा तास. तो मुलांनीच करावा. जतच्या सीमेवरच्या गावांत घरी कन्नड आणि शाळेत मराठी बोलणारी मुलं आहेत. ती एकाच गोष्टीत दोन भाषा किती सहज फिरवतात ते ऐकण्यासारखं आहे. मी शिक्षिका आहे, मला ठाऊक आहे की पाठ करून घेतलेली भाषणं नकोत. त्यांना त्यांच्या तळ्याबद्दल, टँकरबद्दल, आणि म्हैसाळ योजनेचं पाणी पहिल्यांदा आलं त्याबद्दल विचारा.

बातम्या नेहमीच्याच असू द्या, पण खाली अक्षरं आणि बाजूला खाणाखुणांची भाषा हवी. माझ्या आईला आता कमी ऐकू येतं.

मग नाटक. यावर मी थोडं थांबणार आहे. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, आणि म्हणून तो दिवस सगळा महाराष्ट्र रंगभूमी दिन म्हणून पाळतो. गोविंद बल्लाळ देवल आमच्या हरिपूरचे. त्या दिवशी दर वर्षी सांगलीत एका मोठ्या रंगकर्मीला भावे गौरवपदक दिलं जातं, त्याची बातमी येते, फोटो येतो. पण आजचं सांगलीचं नाटक कुणाला दिसतं? राज्य हौशी नाट्यस्पर्धेच्या प्राथमिक फेरीत इथले संघ उतरतात. बँकेतले कारकून, शिक्षक, गॅरेजवाले, कॉलेजची पोरं तीन-चार महिने रात्री जागून नाटक बसवतात. नेपथ्य स्वतः रंगवतात, कर्ज काढून प्रकाशयोजना भाड्यानं घेतात. आणि प्रयोग किती? एक. अंतिम फेरीला निवड झाली तर आणखी एक. त्यानंतर ते नाटक संपलं. राज्यभरात दर वर्षी अशी कितीतरी नाटकं एका रात्रीत जन्मतात आणि त्याच रात्री जातात. त्यातली निवडक टिपायला तीन कॅमेरे आणि एक रात्र पुरेल. नट तयार आहेत, संहिता तयार आहे, प्रेक्षक खुर्चीत बसलेला आहे. दूरदर्शनला एवढं स्वस्त आणि एवढं ताजं नाटक दुसरीकडं कुठं मिळणार?

आणि ते अर्धवट दाखवू नका. लहानपणी एका नाटकाच्या ऐन शेवटाला आमच्या गावची लाइट गेली होती. शेवट काय झाला ते दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीच्या कंडक्टरनं सांगितलं, तासगावात त्यांच्याकडं लाइट होती. गाडी उभी करून सांगितलं, आणि कुणी प्रवासी ‘उशीर होतोय’ म्हणाला नाही.

नाटकानंतर मिरज. सतार आणि तानपुरा बनवणारी घराणी तिथं पिढ्यानपिढ्या आहेत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा येतो, तो वाळतो, कापला जातो, त्यावर दांडी चढते. हे सगळं भराभर दाखवलं तरी चालेल. पण जवारी लावताना थांबा. कारागीर घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा किंचित घासतो, तार छेडतो, कान लावतो, परत घासतो. आधी बोथट वाजणारी तार हळूहळू बोलायला लागते. ही पाच मिनिटं कुणीही मध्ये बोलू नये, पार्श्वसंगीत तर मुळीच नको. आणि मग त्याच तानपुऱ्यावर कुणीतरी अर्धा तास गावं. ज्या उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची समाधी मिरजेत आहे त्यांच्या किराणा घराण्याचं कुणी गायलं तर फारच चांगलं. माझ्या आजोबांसारखा कुणीतरी उठता उठता थांबेल.

बाकी मी भरभर सांगते, कारण माल इतका आहे की एका शनिवारात मावायचा नाही. कवलापूरची तमाशाची परंपरा, जिथले काळू-बाळू हे जुळे भाऊ सगळ्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतले होते. मकर संक्रांतीला औदुंबरला कृष्णाकाठी भरणारं साहित्य संमेलन. आरेवाडीच्या बिरोबाच्या बनातल्या धनगरी ओव्या. कुंडलचं कुस्ती मैदान आणि त्याची हलगी. विट्याचे गलाईवाले, जे सोनं-चांदी आटवण्याच्या धंद्यात देशभर पसरले आहेत आणि जत्रेला गावी येतात. वाटेगावात अण्णाभाऊ साठे आणि शेटफळ्यात ग. दि. माडगूळकर जन्मले त्या घरांच्या आजूबाजूला आज कोण काय लिहितंय, तेही बघायला हवं. पुतळ्यांपाशीच कॅमेरा थांबू नये.

खर्चाचं तुम्ही म्हणाल, म्हणून तेही. सांगलीत आकाशवाणीचं केंद्र १९६३ पासून आहे. आकाशवाणी आणि दूरदर्शन १९७६ मध्ये वेगळे झाले, पण १९९७ पासून दोघंही पुन्हा प्रसार भारतीच्या एकाच छपराखाली आहेत. जिल्ह्यातला प्रत्येक गायक, शाहीर, भजनी मंडळ, शेतीतला जाणकार आकाशवाणीच्या माणसांना माहीत असतो. ध्वनिमुद्रणाची जागा आहे, माणसं आहेत, साठ वर्षांची ओळख आहे. महाराष्ट्रात ३६ जिल्हे आणि वर्षात ५२ शनिवार. प्रत्येक जिल्ह्याला एक दिला तरी १६ शनिवार उरतात. ते तुमच्या संग्रहातल्या जुन्या फितींना द्या. १९७२ पासून जे जपलं गेलं आहे ते कपाटात ठेवण्यासाठी नाही, आणि ते बघायला माझी आई हयात आहे तोवर बघितलं जावं असं मला वाटतं.

दोन-तीन गोष्टी मात्र हट्टानं मागते. या संध्याकाळी सत्कार, फीत कापणं आणि मान्यवरांची भाषणं नकोत. आमदार-खासदार आले तर त्यांनी प्रेक्षकांत बसावं. माणसं ज्या बोलीत बोलतात त्याच बोलीत बोलू द्यावीत, त्यांना ‘शुद्ध बोला’ असं कुणी सांगू नये, आणि हसवण्यासाठी ती बोली वापरू नये. पत्रिका आठ दिवस आधी जाहीर करावी आणि मग ती बदलू नये. दर शनिवारी वेळ तीच राहावी. लोक सवयीनं येतात, आणि वेळ हलली की सवय मोडते. दुसऱ्या दिवशी ती संध्याकाळ मोबाइलवर बघायला ठेवा, पण सलग ठेवा, तुकडे करू नका. तुकडे केले की आमच्या मुली नाचाचा तुकडा बघतील आणि आमच्या आया भजनाचा, आणि आपण पुन्हा आहे तिथंच येऊ.

निवेदिका म्हणून मुंबईहून कुणी पाठवू नका. आमच्याकडं आहेत. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एक बाई गेली वीस वर्षं शाळेच्या स्नेहसंमेलनाचं निवेदन करतात. त्यांनी दोन वाक्यं बोलली की कळशी घेऊन पाण्याला निघालेल्या बायाही थांबतात.

येत्या ५ नोव्हेंबरला तुमच्यापैकी कुणी सांगलीला आलात तर भावे नाट्यमंदिरात मी भेटेन. हरिपूरला नेईन, मिरजेला नेईन, आणि पेवात उतरलेल्या माणसांशी गाठ घालून देईन. जेवायला आमच्याकडंच या. आईला मी या पत्राबद्दल सांगितलं आहे. तिनं दोनदा मोठ्यानं वाचून घेतलं आणि विचारलं, ‘मग शनिवार कवापासनं?’ तिला सांगण्यासाठी तारीख कळवावी, ही विनंती.

आपली,
सांगलीची एक शिक्षिका आणि प्रेक्षक